भोंगा चालू राहिला

गावाला जाग यायची ती मानसोकच्या खाकरण्यानं. कोंबडे होते गावात, पण त्यांचं कुणी फारसं मनावर घेत नसे. उजाडायला लागलं की खांबांवरचे भोंगे खरखरायचे, गावकारभारी मानसोक घसा साफ करायचा आणि मग सुरू व्हायचा. खताची गाडी कधी येणार, कुणाची गाय सुटून कुणाच्या मुळ्यात शिरली, कुणाच्या नातीचं लग्न ठरलं, सगळं गावाला अंथरुणातच कळायचं. भोंग्याचं यंत्र त्याच्या घरातच होतं, टीव्ही आणि रजयांच्या कपाटाच्या मधोमध. बायको योनसिम त्याच्यावरची धूळ रोज पुसायची आणि त्याला आपली सवत म्हणायची.

यंदा मात्र सवतीनं घात केला. उन्हाळा सरता सरता मानसोक भोंग्यावरून म्हणाला, "आता कुणाची वाट बघू नका. याच आठवड्यात कोबीची रोपं लावून मोकळे व्हा." गावानं ऐकलं. ऐकायचंच, कारण त्याचा अंदाज आजवर कधी चुकला नव्हता. रोपं लावून पाठ सरळ करतात न करतात तोच समुद्रावरून वादळ आलं आणि सगळी लावण ओढ्याच्या वाटेनं वाहून गेली. पुन्हा रोपं आणली, पुन्हा लावली, पण तोवर दिवस सरले होते. कोरियाच्या दक्षिण टोकाच्या ह्या हेनाम भागातला कोबी म्हणजे दोन्ही हातांनी पोटाशी धरून उचलायचा लांबोडका ऐवज. यंदाचा कोबी गड्डा धरायलाच तयार नव्हता. पानं आपली सैल, लग्नात पाहुण्यांनी पाय पसरावेत तशी पसरलेली.

मानसोकला कुणी एका शब्दानं बोललं नाही. हेच वाईट झालं. चार शिव्या कुणी दिल्या असत्या तर त्यानं पाच दिल्या असत्या, भांडण झालं असतं आणि संध्याकाळी तांदळाच्या दारूबरोबर ते मिटलंही असतं. गाव गप्प राहिलं आणि मानसोक आतल्या आत पिचत गेला. त्याचं भोंग्यावरचं बोलणं आखूड झालं. जेवण तर त्याहून आखूड झालं.

त्यात मो ह्वायंग गेली.

मो ह्वायंग म्हणजे संध्याकाळच्या मालिकेत सूनबाई झालेली नटी. खरं नाव घेऊन तिला गावात कुणी ओळखलं नसतं. बायका रोज चावडीत खालून ऊब दिलेल्या जमिनीवर बसून तिची मालिका बघायच्या, तिच्या सासूला शिव्या हासडायच्या आणि तिच्या नवऱ्याला 'बावळट' म्हणायच्या. त्या दिवशी सगळ्या हिवाळ्याच्या किमचीसाठी, म्हणजे कोबीच्या तिखट लोणच्यासाठी, लसूण सोलत बसल्या होत्या आणि मालिकेच्या जागी बातम्या आल्या. सूनबाईनं स्वतःच आपलं आयुष्य संपवलं होतं.

हातातल्या सुऱ्या हातातच राहिल्या.

"पैका हुता, रूप हुतं," कुणीतरी म्हणालं. "काय कमी हुतं गं बाईला?"

"लोकं मागं लागली हुती म्हणं. फोनवर काय बाय लिवायची."

"शिव्या तर माझ्या सासूनं बी दिल्या," वांदोकरीण म्हणाली. ती शेजारची म्हातारी. माहेर वांदो बेटावरचं म्हणून वांदोकरीण. गावात सगळ्या बायकांना माहेरच्या गावानंच हाक मारायची रीत, योनसिम जिंदोची म्हणून ती जिंदोकरीण. "पाण्यात पडली तरी बुडायची न्हाई असली तिची जीभ. मी हाय की जित्ती."

"आई, तुमच्या सासूला तोंड एकच होतं," तिची सून लान लसणाच्या पाकळ्या टोपलीत टाकत म्हणाली. लान व्हिएतनामची. इथली भाषा ती चांगली बोलायची, पण काय बोलायचं नसतं ते तिला अजून उमगलं नव्हतं. "हिच्या मागं सगळा देश लागला."

"आन् आता मालिकेतल्या सूनबाईचं काय व्हनार?" एक म्हातारी डोळे पुसत म्हणाली. "घर सोडून निघाली हुती बघ. बॅग भरली हुती."

तेवढ्यात ब्योंगतेक शिडी मागायला आला. मानसोकच्या बरोबरीचा, बायको वारलेला, गावात सगळ्यात मोठा आवाज त्याचा. टीव्हीकडं बघून तो म्हणाला, "मनानं दुबळी माणसं ही. आपल्या टायमाला पोटाला न्हवतं, पर कुणी असलं केलं का?"

केलं होतं. गावात मागंपुढं असं घडलेलं होतं, शेजारच्या गावांतही होतं, आणि अलीकडं तर दर हिवाळ्यात कुठून ना कुठून कानावर यायचंच. मुलं शहरात, गुडघे कामातून गेलेले, दिवसभर बोलायला भिंत. पण अशा घराला 'आजारानं गेला' असं म्हणायचं आणि पुढं विचारायचं नाही, अशी पद्धत होती. वांदोकरणीचा नवराही आजारानंच गेला होता. तिनं खाली मान घातली आणि लसूण भराभरा सोलायला घेतला.

घरी जेवताना टीव्हीवर तेच चाललं होतं. फुलांचे ढीग, रडणाऱ्या पोरी, कुणी तिला दोष देतंय, कुणी मालिकावाल्यांना, कुणी देशाला. मानसोक बघत होता.

"किती माणसं रडत्यात," तो म्हणाला. मग जरा वेळानं म्हणाला, "सुटली बिचारी."

योनसिमचा चमचा वाटीतच थांबला. माणसं 'सुटली' म्हणतात तेव्हा त्यात कीव असते. मानसोकच्या आवाजात कीव नव्हती, हेवा होता. इतकी वर्षं त्याच्या शेजारी झोपलेल्या बाईला तो फरक कळणार नाही तर कुणाला कळणार?

त्या दिवसापासून ती त्याची सावली झाली. फवारणीच्या औषधांच्या खोलीला तिनं कुलूप घातलं आणि किल्ली वांदोकरणीकडं ठेवायला दिली; कशाला ते सांगितलं नाही आणि वांदोकरणीनं विचारलंही नाही. तो गोठ्याकडं गेला की हिला गोठ्यात काम निघायचं. तो परसाकडं गेला की ही दाराबाहेर उभी राहून खोकायची.

"अगं, माणसाला बसू तरी देशील का न्हाई?" तो आतून ओरडायचा.

"बसा की. मी काय धरलंय?"

"खोकतीस कशाला मग?"

"थंडी हाय."

विचारायचं होतं ते तिच्या ओठांवर यायचं आणि परत जायचं. विचारलं तर नसलेला विचार त्याच्या डोक्यात शिरेल, असं तिला वाटायचं. म्हणून ती कोबीबद्दल बोलायची.

कोबी काढायचे दिवस आलेच होते. दोघं सकाळी बुडाला गोल गाद्या बांधून वावरात शिरायची. ह्या गाद्या म्हणजे मोठी सोय. बसलं की बसायला, उठलं की मागं टुणटुण हलायला. पानांवरचं दहिवर हातमोज्यांतून आत यायचं आणि बोटं काठीसारखी व्हायची. डाव्या हातानं गड्डा वाकवायचा, बुंध्याला सुरी घालायची, बाहेरची पानं मोडायची, पुढं सरकायचं. मानसोकची सुरी पूर्वी कशी लयीत चालायची! आता दर गड्ड्यापाशी तो थांबायचा, त्याला दाबून बघायचा आणि काही न बोलता बाजूला ठेवायचा.

एका दुपारी व्यापारी ट्रक घेऊन आला. पोरगेलासा होता, डोळ्यांवर काळा चश्मा. त्यानं ढिगातला एक गड्डा उचलला आणि अंगठा दाबला. अंगठा मुळापर्यंत आत गेला.

"काका, कोबी दाखवा की. ही तर पालेभाजी हाय."

ट्रकवरची माणसं हसली. मानसोकही हसला. योनसिमला बाकी सगळं सोसलं असतं, पण त्याचं ते हसणं सोसलं नाही. नाकावर बसलेली माशीही हाकलायचं बळ नसलेल्या माणसाचं हसणं होतं ते. रिकामा ट्रक निघून गेला तरी ते त्याच्या तोंडावर तसंच राहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आरोग्य केंद्राची गाडी फ्लूची लस टोचायला येणार होती. मानसोकनं भोंग्यावरून तेवढं सांगितलं, "बाह्या वर जातील असे कपडे घाला," म्हणाला आणि बटण दाबलं. आदल्या दिवशी सुरीनं अंगठा कापला होता, त्याला ही एवढी पट्टी. दाबायचं एक बटण आणि दाबलं गेलं दुसरं. थंडीमुळं दारंखिडक्या बंद होत्या, म्हणून हे दोघांनाही कळलं नाही.

योनसिमनं जेवणाचं बुटकं मेज पुढं सरकवलं. "पेज घ्या गरम हाय तवर. वांदोकरणीची मुळ्याची किमची काढलीय."

"ती नको. लई खारट असती."

"इतकी वर्सं तर मिटक्या मारत खाल्लीत!"

"तोंडावर कसं सांगायचं? कौतुकानं देती बिचारी. पर समुद्र पिल्यावानी लागतं."

योनसिमला हसू फुटलं. किती दिवसांनी हा असं काही बोलला! तो आणखी बोलेल असं वाटून तिनं फुंकर घातली. "आन् ब्योंगतेकचं गाणं?"

"गाणं कसलं, रेडा हंबरतोय. कवळी खिशात ठेवतो आन् जेवायच्या वेळी गावभर हुडकतो. एकदा माझ्या खिशात गावली."

दोघं हसली. हसता हसता तो थांबला आणि पेजेकडं बघत राहिला. आता नाही विचारलं तर कधीच नाही, असं योनसिमला वाटलं.

"अहो, त्या नटीला सुटली म्हणालात त्या दिवशी. असं का म्हणालात?"

त्यानं चमचा पेजेत फिरवला.

"दमलोय गं," तो म्हणाला. "माझ्या एका शबुदानं सगळ्या गावाचा कोबी गेला. रस्त्यानं जाताना लोकं नमस्कार करत्यात. त्यांनी थुकावं तर बरं वाटंल. सकाळी डोळे उघडले की वाटतं, कशाला उघडले. ती पोरगी गेली तर सगळा देश रडला. मी गेलो तर कोण रडनार हाय? कोबी तेवढा निघू दे, मग..."

"मग काय?"

"काय न्हाई."

"मी रडेन की! मी कुणी न्हाई का?"

"तू रडशील. मग हेवनकडं जाशील ऱ्हायला. लेक सांभाळील तुला. बरंच व्हईल तुझं."

योनसिमनं हातातलं फडकं त्याच्या पाठीत हाणलं. एकदा हाणून भागलं नाही म्हणून पुन्हा हाणलं. "माझं बरं कशात हाय ते मला ठावं! लेकीच्या घरात झोप लागती का मला? तुमच्या घोरण्याबिगर मला झोप येत न्हाई, ठावं न्हाई का तुम्हाला? ह्या घोरण्यावर उभा जलम काढला मी! आन् हा म्हणतोय मग! मग काय, मग?"

"मग काय, मग," खिडकीबाहेरून तिचाच आवाज आला, खांबाखांबांवरून, टेकडीला आपटून.

दोघांनी यंत्राकडं पाहिलं. लाल दिवा लागलेला होता.

मानसोकनं सगळी बटणं एकदम दाबली, तारच उपटली आणि भिंतीकडं तोंड करून, डोक्यावरून रजई घेऊन पडला. "आता ह्या गावात तोंड कसं दाखवू?" एवढंच रजईतून आलं. योनसिमला लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं व्हायला हवं होतं, आणि झालंही. पण त्या लाजेच्या खाली आणखी काहीतरी होतं. आता हे ओझं ती एकटीच वाहत नव्हती.

दाराला लाथ बसली.

"कुठं हाय तो समुद्र पिनारा?" वांदोकरीण अंगणात उभी होती. डोक्यावर पाटी, कमरेवर हात. मागं लान, तिच्या दोन्ही हातांत बादल्या. "इतकी वर्सं माझे डबे चाटून पुसून परत धाडलेस आन् आता खारट व्हय? ऊठ. आज माझ्यासमोर मीठ घाल. तुझ्या हातानं घाल. बघू तुझी जीभ केवढी राजाची हाय."

रजई हलली नाही. तोवर रस्त्यावरून रेडा हंबरायला लागला. ब्योंगतेक मुद्दाम, घरापासूनच मोठ्यानं गात येत होता आणि कवळी तोंडात होती. गाणं संपवूनच तो दारात आला. "कवळी तुझ्या खिशात गावली, तर त्याच दिवशी द्यायची का न्हाई? दोन जेवणं मी नुसत्या सुपावर काढली. चोर!"

"मीच दिली की तुला!" रजईतून आवाज आला.

"संध्याकाळी दिलीस!"

मग येणाऱ्यांची रीघच लागली. लस टोचून बाह्या खाली करत बायका येत होत्या. कुणाला शिडी परत द्यायची होती, कुणाला मानसोकची मागच्या वर्षीची एक खोडी आठवली होती. जे खरं ऐकलं होतं त्याबद्दल अवाक्षर नाही, पण घरातून कुणी हललंही नाही. योनसिम चहाचं पाणी ठेवून ठेवून थकली.

"यंदा किमची हितंच घालायची," वांदोकरणीनं जाहीर केलं. "ह्यांचा नळ मोठा हाय."

"अगं, पर सगळ्यांचीच..."

"सगळ्यांचीच. सावड करायची. आज हिचं, उद्या तिचं करत बसायला कुणाच्या गुडघ्यात दम हाय?"

आणि खरोखरच गावचा सैल कोबी हातगाड्यांवरून मानसोकच्या अंगणात यायला लागला. उभा चिरलेला कोबी खारवण्यासाठी मोठमोठ्या प्लास्टिकच्या घमेल्यांत, जुन्या न्हाणीच्या टबात, कुणाच्या तरी नातवंडाच्या फुगवायच्या पोहायच्या हौदातही पडला. मानसोकला रजईतून उठावंच लागलं, कारण ब्योंगतेकनं पाण्याची नळी उलटी जोडली होती आणि घराच्या आत चिखल शिरत होता.

"गाढवा, तोटी हिकडं असती!" तो ओरडत अनवाणी बाहेर आला.

योनसिमनं ओरडणं ऐकलं आणि तिच्या हातातलं मीठ सांडलं. केवढं छान ओरडला तो!

दुसरा दिवस निरभ्र उजाडला. रात्रभर मिठात पडलेला कोबी मऊ होऊन घमेल्यात लोळत होता. वांदोकरणीनं एक पान तोडून चावलं, डोळे मिटले आणि म्हणाली, "सैल हाय म्हणून मीठ आतपतुर गेलं बघ. घट्ट गड्डा असता तर अजून पोट कच्चं राहिलं असतं." अंगणात चवाळं अंथरलं. मधोमध लाल तिखट, लसूण, आलं, खारवलेल्या बारीक माशांचं पाणी आणि किसलेला मुळा यांचा डोंगर. भोवती लाल रबरी हातमोजे घातलेल्या बायका मांड्या घालून बसल्या आणि पानापानात मसाला भरायला लागल्या. चुलीवर डुकराचं मटण उकडत होतं. तांदळाच्या दारूची पितळी वाटी फिरत होती. पुरुषांना फक्त भरलेले डबे उचलायचे होते, त्यामुळे वाटी त्यांच्याकडंच जास्त थांबत होती.

"घाल मीठ," वांदोकरीण मानसोकला म्हणाली. त्यानं चिमूटभर घातलं. "अजून घाल." "नको." "घाल म्हणते ना!" त्यावरून अशी जुंपली की बायका हसून हसून मागं कलंडल्या. मसाला भरलेलं पान गुंडाळून वांदोकरणीनं त्याच्या तोंडात कोंबलं. तिखट त्याच्या नाकाला लागलं, मिशांना लागलं.

"आता बोल, खारट हाय?"

"बरं हाय," तो चावत म्हणाला. "तुझ्या हातानं पहिल्यांदाच बरं झालं."

हशा ओसरला. तेव्हा लान, मान वर न करता, पानात मसाला भरता भरता म्हणाली, "काका, काल भोंग्यावर म्हणालात ते अजून वाटतं का?"

"लान!" वांदोकरणीनं तिला कोपरानं ढोसलं.

"का? सगळ्यांनी ऐकलंय. दोन दिवस सगळे मिठाबद्दलच बोलताय." लाननं वर पाहिलं. तिचा चेहरा लाल झाला होता, पण ती मागं हटली नाही. "काका, मरावंसं वाटतं का अजून?"

हाच प्रश्न योनसिम इतके दिवस दारामागं खोकून विचारत होती.

मानसोकनं घास गिळला. हातमोजे काढले, मांडीवर नीट ठेवले. सगळं गाव समोर बसलं होतं आणि पळायला रजई नव्हती.

"वाटतं," तो म्हणाला. "सारखं न्हाई. आत्ता न्हाई वाटत. सकाळी वाटतं. उजाडताना."

आभाळ कोसळेल असं योनसिमला इतके दिवस वाटत होतं. ते कोसळलं नाही. मटण चुलीवर रटरटत राहिलं.

"माजा नवरा आजारानं न्हाई गेला," वांदोकरीण म्हणाली. ती हे कुणालाच म्हणाली नाही, समोरच्या कोबीला म्हणाली. "तुम्हाला समद्यांना ठावं हाय. तो बी असाच गप ऱ्हायचा. मी म्हणायची, गप हाय तर गप ऱ्हाऊ दे. विचारलं न्हाई मी. कुणीच विचारलं न्हाई. ती नटी मेली तवा मला तिचा राग न्हाई आला, तिच्या घरच्यांची कीव आली. आता जलमभर म्हणतील, विचारलं असतं तर." ती रडली नाही. हातमोज्याचं तिखट लागेल म्हणून तिनं नाक बाहीनं पुसलं. लाननं तिच्या पाठीवर लाल हातमोजाच टेकवला आणि झग्यावर पाच बोटं उमटली.

ब्योंगतेकनं हातातली वाटी खाली ठेवली. "माजी बायको गेली त्या सालाला," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज पहिल्यांदाच लहान निघाला, "मला बी सकाळीच वाटायचं. चावडीत मी त्या पोरीला दुबळी म्हणालो ते स्वतःलाच म्हणत हुतो, दुसरं काय." मग तो मानसोकवर खेकसला. "उद्यापासनं सकाळी मी येनार. तू झोपलेला असलास तरी येनार. जेवायला घालायचं मला."

"तुला? तू परवडनार हाईस का कुणाला?"

"मग ऱ्हा उपाशी, मी तुझ्या वाट्याचं खाईन."

मटण उतरलं. ताज्या किमचीत गुंडाळून गरम मटण तोंडात गेलं की माणसाला दुसरं काही सुचत नाही, आणि ते बरंच असतं. कुणीतरी म्हणालं, मालिकेतली सूनबाई बॅग घेऊन कुठं गेली असेल? "जिंदोला," योनसिम म्हणाली, "माज्या माहेराला." मग प्रत्येकीनं तिला आपापल्या माहेरी नेलं. वांदोकरणीनं तर बेटावर नेऊन तिला समुद्रशेवाळ वाळत घालायला बसवलं. त्या नटीच्या वाट्याला जे आलं नाही ते सगळं त्या दुपारी तिला मिळालं, अगदी भांडकुदळ शेजारणीसुद्धा.

नंतर योनसिम त्याला तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेली. बाईंनी पुष्कळ विचारलं आणि गोळ्या दिल्या. "पोटाच्या हायत म्हणून सांग गावात," तो परतीच्या बसमध्ये म्हणाला. योनसिम बरं म्हणाली. दोघं बसमधून उतरताच वांदोकरणीनं विचारलं, "मनाच्या गोळ्या दिल्या का? सकाळी का रात्री?" त्यानं मुकाट्यानं "रात्री" म्हणून सांगितलं. गोळ्यांनी लगेच काही झालं नाही. कधी तो दुपारपर्यंत पडून राहायचा, कधी उगीच चिडायचा. पण लेक हेवन आता रोज फोन करायची आणि तो तिच्याशी हवापाण्याखेरीज दुसरंही काही बोलायला लागला.

आणि ब्योंगतेक येतच होता. रोज, उजाडायच्या आत, दार न वाजवता. तो आला की जमिनीच्या सगळ्यात उबदार कोपऱ्यावर बसायचा, मानसोकला पायानं ढोसून उठवायचा, आणि दोघे रागानं एकमेकांकडं बघत जेवायचे.

"सुट्टी घे की एखाद दिवस," मानसोक म्हणायचा.

"तू घे."

मग हिवाळ्यातल्या एका सकाळी तो आला नाही. अंगणात पांढरं दहिवर पडलं होतं. योनसिमनं तिसरी वाटी मांडली होती. मानसोक उठून बसला, दाराकडं बघितलं, पडला, परत उठला.

"झोपला असंल," योनसिम म्हणाली.

"तो? तो झोपतो का कधी?" त्यानं खिडकी उघडली. ब्योंगतेकच्या धुराड्यातून धूर नव्हता. "काल काय म्हणाला जाताना? काय म्हणाला तो?"

"काय न्हाई. कोबीचं पान खिशात घालून गेला."

"कसा दिसत हुता?"

ती उत्तर देईपर्यंत तो बाहेर पडला होता. पायात तिचे फुलाफुलांचे, कापूस भरलेले बूट, अंगावर झोपायचे कपडे. त्या दहिवरावरून तो पळत सुटला. गुडघे धरून चालणारा माणूस, पण पळत होता, घसरत होता, कुंपणाला धरून सावरत होता, आणि "ब्योंगतेक! ए ब्योंगतेक!" अशा हाका मारत होता की भोंग्याची गरजच पडू नये. योनसिमनं त्याचे मोठे बूट पायात सरकवले आणि मागं पळाली.

ती पोचली तेव्हा मानसोक दोन्ही मुठींनी दार बडवत होता. दार उघडलं. ब्योंगतेक उभा होता. केस उभे, डोळे चिकटलेले, तोंडात दात नाहीत.

"काय झालं? आग लागली का कुठं?"

"जित्ता हाईस?" मानसोक म्हणाला.

"झोपलो हुतो! नवी मालिका लागलीय, ती बघत बसलो. मानसानं झोपू नये का?"

मानसोकनं त्याची बंडी दोन्ही हातांनी धरली आणि त्याला गदागदा हलवलं. "मग सांगायचं! काल सांगायचं, उद्या झोपनार हाय म्हणून! मानूस तिकडं वाट बघत बसतंय, त्याच्या पोटात काय व्हतंय, कळतंय का तुला, म्हाताऱ्या? कळतंय का?" आणि बोलता बोलता तो रडायला लागला. मोठ्यानं, नाक वाहू देत, बंडी न सोडता. ब्योंगतेक आधी गांगरला. मग त्यानं मानसोकच्या पाठीवर, ढोरांना थोपटतात तसं, थोपटायला सुरुवात केली.

"बरं बरं. न्हाई झोपत पुन्यांदा. आत ये, थंडी येतीय घरात."

योनसिम कुंपणापाशी उभी राहून धापा टाकत होती. तिला इतका आनंद झाला होता की तो कुठं ठेवावा ते कळेना. तिचा नवरा दुसऱ्या कुणाच्या तरी जिवासाठी घाबरला होता. ज्याला स्वतःच्या जिवाची किंमत वाटत नव्हती, तो बायकोचे बूट घालून गावभर पळाला होता.

आत मानसोक डोळे पुसत उबेला बसला. "भूक लागली. काय हाय घरात?"

"अंडी हायती."

"मग फोड की. बघत काय बसलास? चार फोड."

"तू येतीस का गं जिंदोकरणी?" ब्योंगतेकनं बाहेर हाक मारली.

"न्हाई. मला काम हाय," योनसिम म्हणाली.

काम काही नव्हतं. दार लागलं, आतून तव्याचा आवाज आला आणि लगेच अंड्यात मीठ किती घालायचं यावरून भांडण सुरू झालं. सूनबाईच्या बातमीपासून आज पहिल्यांदाच त्याला नजरेआड ठेवून योनसिम एकटी, त्याच्या मोठ्या बुटांत फटक फटक करत, सावकाश घराकडं निघाली.